वाढीची घाई नसलेला मासा

जून महिन्यातली रात्र. बहामाजमधल्या बिमिनी बेटाच्या खाजणात, कमरेएवढ्या पाण्यात, जाळी उभी केलेली असतात. दर पंधरा मिनिटांनी कुणीतरी कपाळावर दिवा बांधून जाळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन येतं. अडकलेलं पिल्लू फार वेळ तडफडू द्यायचं नाही, म्हणून हा पंधरा मिनिटांचा नियम. हाती लागतं ते पिवळसर तपकिरी, साठ-पासष्ट सेंटिमीटर लांबीचं लेमन शार्कचं पिल्लू. पोटाकडून पाहिलं तर छातीच्या परांमध्ये नाळेची खूण दिसते. ती अजून बुजलेली नसेल, तर पिल्लाचा जन्म काही आठवड्यांपूर्वीचा. त्याची लांबी मोजायची, परातून चिमूटभर तुकडा डीएनएसाठी घ्यायचा, कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी नंबराची कुपी सरकवायची आणि जाळी उचलेपर्यंत त्याला कुंपण घातलेल्या पाण्यात ठेवायचं, म्हणजे तेच पिल्लू दुसऱ्यांदा मोजलं जात नाही. मग सोडून द्यायचं. पुढच्या जूनमध्ये पुन्हा जाळी लावायची. त्याच्या पुढच्या जूनमध्येही.

हे १९९० च्या दशकापासून चालू आहे. शार्क म्हटलं की वाहिन्यांवर पिंजरा, रक्त आणि जबडा दाखवतात. तिथे या कामाला जागा मिळणं कठीण. एका खाजणातली पिल्लं वर्षाला किती सेंटिमीटर वाढतात, एवढाच तर प्रश्न. पण माणसाने शार्कबद्दल जे समज बाळगले होते, त्यांतले बरेचसे याच प्रश्नाने मोडीत काढले.

हा उद्योग मांडला सॅम्युएल ग्रुबर यांनी. जन्म १९३८ चा. मायामी विद्यापीठात शिकले, तिथेच शिकवलं. विद्यार्थ्यांत आणि मच्छीमारांत ते ‘डॉक’ म्हणून ओळखले जात. सुरुवात डोळ्यांपासून झाली. शार्कला धड दिसत नाही, तो नाकावर जगतो, अशी तेव्हा सार्वत्रिक समजूत होती. १९६३ मध्ये ग्रुबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेमन शार्कच्या डोळ्याच्या पडद्यात शंकूपेशी दाखवल्या, म्हणजे उजेडात काम करणारी यंत्रणा या माशाकडे होती. लेमन शार्क निवडण्याचं कारण व्यवहारी होतं. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर तो सहज मिळे आणि टाकीत ठेवला तरी जगे. बाकीचे बरेचसे शार्क टाकीत दोन दिवसांत मान टाकतात.

प्रयोगशाळेतून समुद्राकडे वळल्यावर ग्रुबर यांना हवी होती ती लहान, उथळ आणि मोजता येईल एवढी जागा. मायामीपासून साधारण ऐंशी किलोमीटरवरच्या बिमिनीत ती मिळाली. १९९० मध्ये त्यांनी दक्षिण बिमिनीवर संशोधन केंद्र उभारलं. स्वयंसेवक इथे राहण्या-जेवण्याचे पैसे स्वतः भरतात आणि वर डासांत उभं राहून जाळी सांभाळतात. सरकारी अनुदानाच्या भरवशावर तीस वर्षांची नोंद कुणी ठेवू शकत नाही, हे ग्रुबर यांनी वेळीच ओळखलं होतं असं मला वाटतं. अनुदानाची मुदत तीन वर्षांची असते. या माशाची एक पिढी त्याच्या चौपट.

या बेटाचा शार्कशी असलेला आधीचा संबंध वेगळ्या जातीचा होता. १९३५ मध्ये हेमिंग्वे इथे मासेमारीला आला. त्याने गळाला लावलेले ट्यूना शार्क अर्धे खाऊन टाकत, म्हणून तो त्यांच्यावर टॉमीगन चालवी. बिमिनीला निघाला असतानाच, नावेवर ओढलेल्या शार्कला पिस्तुलाने मारायला गेला आणि गोळीचे तुकडे स्वतःच्याच दोन्ही पोटऱ्यांत घुसले. त्यावर त्याने लेखही लिहिला. १९६४ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग नोबेलच्या भाषणावर विचार करायला याच बेटाच्या कांदळवनात होडीने गेले होते. त्या वेळी त्या मुळांमध्ये काय पोहत होतं, याचं त्यांना भान असेल असं वाटत नाही.

तर वाढ. माशाची वाढ कळायची तर आधी वय कळायला हवं. बोंबील, बांगडा, घोळ अशा हाडांच्या माशांच्या कानात एक चुन्याचा खडा असतो. तो कापला की वलयं दिसतात आणि वय सांगता येतं. शार्कच्या अंगात हाड नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा. कानात तसा खडा नाही. खवल्यांवर वर्षं उमटत नाहीत. उरतो मणका. मणक्याच्या मध्यभागी, दोन्ही बाजूंनी खोलगट असलेल्या चकतीत, कॅल्शियम साठत जातं आणि फिकट-गडद पट्ट्यांच्या जोड्या तयार होतात. हिऱ्याच्या करवतीने तिचा पातळ काप काढायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि मोजायचं.

मोजायचं खरं, पण एक जोडी म्हणजे एक वर्ष, हे कुणी सांगितलं? या विषयातली निम्मी भांडणं या एका गृहीतकावरची आहेत. ग्रुबर यांच्या गटाने लेमन शार्कपुरता हा प्रश्न टेट्रासायक्लिन वापरून सोडवला. हे आपल्याकडेही डॉक्टर सर्रास देत असत तेच प्रतिजैविक. ते कॅल्शियमला चिकटतं. टोचल्याच्या दिवशी मणक्याच्या कडेला जे कॅल्शियम बसत असतं त्यात ते अडकतं, आणि अतिनील प्रकाशात तिथे पिवळी रेघ चमकते. मासा सोडायचा. तो पुन्हा सापडला की त्या रेघेच्या बाहेर किती थर चढले ते पाहायचं आणि मधल्या काळाशी ताडायचं. १९८८ मध्ये क्रेग ब्राउन आणि ग्रुबर यांनी मांडलेल्या हिशेबाप्रमाणे लेमन शार्क वयात यायला साधारण बारा वर्षं लागतात. मादीला नरापेक्षा थोडी जास्तच. मादी दोन वर्षांतून एकदा विते. गर्भ जवळजवळ वर्षभर पोटात असतो, आणि एका वेताला पिल्लं असतात दहाच्या आसपास, क्वचित सतरा.

बाकीच्या शार्कांच्या बाबतीत उत्तरं इतकी सरळ आली नाहीत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नॅरागॅन्सेटच्या सरकारी प्रयोगशाळेत लिसा नटॅन्सन यांनी आयुष्य मणके मोजण्यात घालवलं आणि मणक्यांवर आंधळा विश्वास ठेवू नये, हे सिद्ध करण्यातही मोठा वाटा उचलला. ग्रेगर कायए यांच्यासोबत त्यांनी १९९० मध्ये पॅसिफिकमधल्या एंजल शार्कचे मणके तपासले तेव्हा पट्टे वर्षांबरोबर नव्हे, अंगाच्या वाढीबरोबर पडतात असं दिसलं. चांगलं खाल्लं तर जास्त पट्टे, उपास पडला तर कमी. प्रचंड आकाराच्या बास्किंग शार्कने तर कमाल केली. एकाच माशाच्या पाठीच्या कण्यात एका ठिकाणचा मणका एक आकडा सांगतो, दुसऱ्या ठिकाणचा भलताच. मग खरं वय कोणतं? मणका अंगाला आधार द्यायला असतो, आपल्याला जन्मतारीख सांगायला नव्हे.

मार्ग सापडला तो अणुबॉम्बमुळे. १९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिका आणि सोव्हिएत संघाने हवेत जे अणुस्फोट केले, त्यांच्यामुळे वातावरणातला किरणोत्सारी कार्बन जवळजवळ दुप्पट झाला. तो समुद्रात मुरला, अन्नातून माशांच्या अंगात गेला आणि त्या काळात जो थर बनत होता त्यात कायमचा राहिला. मणक्याच्या कोणत्या पट्ट्यात हा कार्बन एकदम चढतो ते शोधलं की तो पट्टा कोणत्या सालचा ते कळतं, आणि तिथून पुढे मोजता येतं. २०१४ मध्ये या पद्धतीने वायव्य अटलांटिकमधल्या ग्रेट व्हाइट शार्कांचे जुने मणके तपासले, तेव्हा एक नर ७३ वर्षांचा निघाला. त्याआधी नुसते पट्टे मोजून आलेले आकडे याच्या निम्म्याहूनही कमी होते. मोठ्या वयात वाढ जवळपास थांबते, पट्टे इतके बारीक होतात की दिसतच नाहीत, आणि मोजणारा पंचविसाच्या पुढे जातच नाही.

ग्रीनलंड शार्कच्या मणक्यात मोजण्यासारखं काहीच नसतं, तो मऊ असतो. १९३६ मध्ये डॅनिश संशोधक पाउल हॅन्सन यांनी खूण करून सोडलेला एक ग्रीनलंड शार्क १९५२ मध्ये पुन्हा सापडला. सोळा वर्षांत तो आठ सेंटिमीटर वाढला होता. वर्षाला अर्धा सेंटिमीटर, आणि हा मासा पाच मीटरपर्यंत जातो. हिशेब करू पाहणाऱ्यांची बोटं थांबली असणार. २०१६ मध्ये युलियस निल्सन आणि सहकाऱ्यांनी त्याच कार्बनसाठी या शार्कांच्या डोळ्याच्या भिंगाचा गाभा तपासला. तो जन्माआधीच तयार होतो आणि पुढे बदलत नाही. सगळ्यांत मोठ्या मादीचं वय निघालं सुमारे ३९२ वर्षं, शंभर-सव्वाशे वर्षं इकडे-तिकडे. कमीत कमी धरलं तरी २७२. वयात येण्याचं वय दीडशेच्या पुढे. म्हणजे पानिपतची लढाई होण्याआधी जन्मलेला मासा आजही आर्क्टिकच्या काळोखात तरंगत असू शकतो, आणि त्याला कुठेही पोहोचण्याची गडबड नाही.

या आकड्यांचं करायचं काय, हे इंग्लंडमधल्या एम. जे. होल्डन यांनी १९७३ मध्येच विचारलं होतं. शार्क-पाकटांची मासेमारी कायम टिकेल अशी करता येते का, असा त्यांच्या निबंधाचा सूर होता आणि उत्तर फारसं आशादायक नव्हतं. बांगडा लाखो अंडी टाकतो. त्यातून दरवर्षी जे उरतं ते व्याज, आणि व्याज खाल्लं तरी घर चालतं. दहा पिल्लं देणाऱ्या आणि बारा वर्षांनी वयात येणाऱ्या माशाच्या बाबतीत माणूस सरळ मुद्दलाला हात घालतो. वय चुकीचं मोजलं, म्हणजे कमी मोजलं, की तो मासा आहे त्यापेक्षा चटकन वाढणारा वाटतो आणि मासेमारीचा कोटा वाढतो. म्हणून एका मणक्यातल्या पट्ट्यांवर दोन संशोधक तावातावाने भांडत असतील तर हसू नये.

पुन्हा बिमिनीकडे. दर जूनच्या मोजमापांतून कळलं की इथली पिल्लं फारच सावकाश वाढतात, अन्नाची चणचण नसलेल्या टाकीतल्या पिल्लांपेक्षा पुष्कळच कमी. पोटभर खायला घातलं की लेमन शार्कचं पिल्लू वेगाने वाढतं, हे प्रयोगांतून दिसलेलं होतं. मग खाजणात ते खात का नाही? खाजणात मासे नाहीत असं नाही. पण पिल्लू मुळात कमी खातं, दिवसाला स्वतःच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास. शार्क म्हणजे अखंड भूक ही प्रतिमा आपल्या सिनेमांतून आलेली आहे. खाल्लेलं पचायलाही त्याला बराच वेळ लागतो.

आणि ते फिरतं कुठे? जॉन मॉरिसी आणि ग्रुबर यांनी पिल्लांच्या मागे नावेने फिरून नकाशे काढले. पिल्लू पहिली वर्षं एक चौरस किलोमीटरही भरणार नाही एवढ्या जागेत काढतं. त्याला गुडघ्याएवढं, ऊन लागून कोमट झालेलं पाणी आवडतं. भरती आली की ते कांदळाच्या मुळांत शिरतं, ओहोटीला काठाकाठाने बाहेर येतं. चार पावलं पुढे खोल पाणी, तिथे जास्त खाणं. पण तिथे ते जात नाही. कारण खोल पाण्यात मोठे शार्क असतात, आणि त्यांत लेमन शार्कही असतात. पिल्लाला खाणारा बहुधा त्याच्याच जातीचा असतो. ट्रिस्टन गटरिज यांच्या निरीक्षणांत भरतीच्या वेळी पाणी खोल झालं की पिल्लं काठाला दाटीवाटीने एकत्र येताना दिसली.

म्हणजे वाढीचा वेग पोटाने नव्हे, भीतीने ठरतो. मला या सगळ्या संशोधनातला हा सर्वांत मोठा शोध वाटतो.

याची खातरी २००७ मध्ये पटली, तीही उलट्या बाजूने. जोसेफ डिबॅटिस्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिमिनीच्या अनेक वर्षांच्या नोंदी घेऊन पाहिलं की कोणती पिल्लं पुढच्या वर्षी पुन्हा सापडतात आणि कोणती नाहीत. प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्गातलं उत्तर सरळ आहे: मोठं, धष्टपुष्ट, झपाट्याने वाढणारं पिल्लू जगतं. इथे नेमकं उलटं निघालं. आकाराने मोठी, तब्येतीने भरलेली, वेगाने वाढलेली पिल्लं जास्त प्रमाणात नाहीशी झालेली. किरकोळ, संथ वाढणारी पिल्लं टिकलेली. संशोधकांचा तर्क असा की वाढायचं तर खायला हवं, खायचं तर काठ सोडायला हवा, आणि काठ सोडला की गाठ मोठ्यांशी. पुढे याच केंद्रात पिल्लांना एकेक करून अनोळखी कुंपणात सोडून कोण किती हिंडतं ते पाहिलं गेलं. काही पिल्लं मुळातच हिंडफिरी निघाली, काही भित्री, आणि हा स्वभाव दरवेळी कायम राहिला. पण स्वभाव, वाढ आणि मरण यांचं नातं बेटाच्या दोन वेगवेगळ्या खाजणांत सारखं आढळलं नाही. हे मला आवडलं. सगळीकडे एकच नियम निघाला असता तर संशय आला असता.

शिवाय जोखीम किती, तर फार. लेमन शार्कच्या पिल्लांपैकी निम्म्याच्या आसपास पहिल्या वर्षातच जातात. बारा वर्षं पूर्ण करणारी थोडी. म्हणून जी पूर्ण करतात ती कुठे जातात, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर जाळ्याने देता येणार नव्हतं, कारण मोठी मादी अडीच-तीन मीटरची, खोल पाण्यात फिरणारी, अशा जाळ्यात ती येत नाही. इथे परातले ते चिमूटभर तुकडे कामी आले. केविन फेल्डहाइम यांनी पिल्लांचे डीएनए एकमेकांशी जुळवून सख्खी-सावत्र भावंडं वेगळी केली आणि भावंडांच्या डीएनएवरून आईचा डीएनए मागे जाऊन रचला. कित्येक आया कुणी कधी पाहिलेल्याही नाहीत, पण कागदावर त्यांची ओळख पक्की झाली. एका वेताचे बाप बहुतेकदा एकाहून जास्त असतात हे कळलं. बाप दरवेळी नवे. आई मात्र एक वर्ष सोडून पुन्हा त्याच खाजणात.

मग २०१४ साली खरा आकडा आला. १९९३ पासून २०१२ पर्यंतच्या वीस वर्षांत जन्मलेल्या पिल्लांचे नमुने तपासल्यावर निदान सहा माद्या अशा निघाल्या की ज्या १९९३ ते १९९७ या काळात बिमिनीत जन्मल्या आणि १४ ते १७ वर्षांनी बिमिनीतच विण्यासाठी परतल्या. शार्कच्या कोणत्याही जातीत मादी जन्मस्थळी परतते, याचा हा पहिला थेट पुरावा. सहा म्हणजे थोड्या वाटतात. पण या सहा शोधण्यासाठी कुणीतरी दोन दशकं दर जूनला पाण्यात उभं राहिलं होतं, आणि ज्यांनी १९९५ मध्ये पहिल्या पिल्लांचे तुकडे कापले त्यांना या माद्या परत आल्याचं कळेल की नाही याची कसलीही हमी नव्हती.

याचा अर्थ बेटावरच्या हॉटेलवाल्यांनाही लागू होता. उत्तर बिमिनीवर मोठा विश्रामप्रकल्प उभा राहिला, खाजणातला गाळ उपसला गेला, कांदळ तोडले गेले. गाळउपशाच्या सुमारास, २००१ मध्ये, पिल्लांचं पहिल्या वर्षातलं जगण्याचं प्रमाण लक्षणीय घसरल्याचं याच नोंदींतून दाखवता आलं. मादी दुसरीकडे कुठे विईल, असं म्हणायची सोय आता राहिली नव्हती. ती इथेच येते. बहामाजने १९९३ मध्ये लाँगलाइनवर, म्हणजे शेकडो गळांच्या मैलोन्मैल लांब दोरीवर, बंदी घातली होती. २०११ मध्ये आपल्या हद्दीतल्या सहा लाख तीस हजार चौरस किलोमीटर समुद्रात शार्कची व्यापारी मासेमारी बंद केली. त्यात पर्यटनाचा पैसा हे मोठं कारण होतं, आणि ते मान्य करायला हरकत नाही. ग्रुबर २०१९ मध्ये गेले. केंद्र चालू आहे.

आपल्याकडे शार्क म्हणजे बाजारातली मुशी, मालवणीत मोरी. प्राणिशास्त्र शिकलेल्या कुणालाही ती ‘स्कॉलिओडॉन’ म्हणून आठवेल. मेणाच्या तबकात टाचण्यांनी ताणलेली, फॉर्मलिनने डोळे चुरचुरवणारी. लखनऊच्या इझाबेला थोबर्न महाविद्यालयातल्या ई. एम. थिल्लयंपलम यांनी १९२८ मध्ये तिच्या शरीररचनेवर जो ग्रंथ लिहिला, त्यावर भारतातल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या वाढल्या. आत काय आहे ते आपण नसा-नसांपर्यंत पाठ केलं. ती किती वर्षांची आहे, हे तबकात कुणी विचारत नसे.

मुशीचं वय विचारलं असतं तर उत्तर बरं आलं असतं. ती शार्कांमधली अपवाद. जेमतेम हातभर वाढते, वर्ष-दोन वर्षांत वयात येते. तिचं अंडं मिलिमीटरभर, सगळ्या शार्कांत लहान. पिल्लाचं पोषण आईच्या वारेतून होतं, आणि एका वेताला अठरा-वीसपर्यंत पिल्लं होऊ शकतात. डोल आणि ट्रॉल जाळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या सापडत असूनही ती बाजारात दिसते याचं श्रेय या घाईला आहे. तिच्यावरही आता ताण आहेच.

पण ससून डॉकला किंवा मालवणला टोपलीत मुशीच्या शेजारी कधी कधी दुसरंच काही पडलेलं असतं. हातोड्यासारखं डोकं असलेली, हातभर लांबीची कानमुशीची पिल्लं. विकणारीण दोन्ही एकाच तराजूत टाकते, दरातही फार फरक नसतो. मोठ्या जातींची पिल्लंही उथळ किनारपाण्यातच वाढतात, आणि आपली जाळी तिथेच दाट. बंदरावर उतरलेल्या मालाच्या आकडेवारीत ‘शार्क’ या रकान्याखाली टन लिहिले जातात, आणि रकाना वय विचारत नाही. दहा किलो मुशीत दोन-तीनदा विऊन झालेल्या माद्या सापडतील. दहा किलो कानमुशीच्या पिल्लांत वयात आलेली एकही नसते.